पायरियाने खाल्लेलं हाड आणि एसटीतला रुमाल

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्याने लागोपाठ दोन मेसेज टाकले. पहिला, ‘जपानने दात पुन्हा उगवायचं औषध काढलं.’ दुसरा म्हणजे एका जाहिरातीचा फोटो. पुढचा दात पडलेलं हसरं पोर आणि खाली मजकूर, की मुलांचे दुधाचे दात फेकू नका, पुढे त्यांतल्या पेशींपासून हाड तयार करता येईल. आत्याचे खालचे पुढचे दोन दात वर्षभर हलताहेत आणि डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून ‘हाड गेलंय’ म्हटल्यापासून तिने धसका घेतलाय. म्हणून तिसरा मेसेज फक्त मला आला. ‘माझी एक अक्कलदाढ अजून शाबूत आहे. तिच्यातून काही होईल का गं?’

प्रश्न भाबडा वाटला तरी चुकीचा नाही. दातातल्या मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, गेलेलं हाड परत आणता येईल का, हेच गेली पंचवीस वर्षं बरीच शहाणी माणसं प्रयोगशाळेत बसून विचारताहेत.

आधी जपानचं बघून घेऊ, कारण त्याचा आत्याच्या दाताशी संबंध नाही. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये एका औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. दात उगवण्याला लगाम घालणारं एक प्रथिन शरीरात असतं, ते औषध त्या प्रथिनाला अडवतं. पहिल्या फेरीत ३० ते ६४ वयाचे, निदान एक दात नसलेले ३० पुरुष घेतले आणि पाहायचं होतं ते औषध सुरक्षित आहे का, एवढंच. त्यात मूळ पेशी नाहीत आणि हाड भरून काढण्याचा प्रश्नही नाही. आत्याचे दात तर जागेवरच आहेत. गेली आहे ती त्यांच्या पायाखालची जमीन.

## दात हाडात ठोकलेला नसतो

आपल्याला वाटतं, भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात जबड्यात ठोकलेला असेल. तसं नाही. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा धाग्यांचा थर असतो. या धाग्यांचं एक टोक मुळावरच्या पातळ आवरणात रुतलेलं आणि दुसरं हाडात. बाजेच्या चौकटीला सुंभाची वीण असते ना, तसा दात या विणीत टांगलेला असतो. शेंगदाण्यात खडा आला की क्षणात कळतं आणि चावणं थांबतं, ते बरंचसं या विणीमुळे.

म्हणजे आधार तीन गोष्टींचा मिळून होतो. मुळावरचं आवरण, वीण आणि हाड. हे तिन्ही लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ ‘हाड आलं’ आणि ‘आधार आला’ या दोहोंतल्या फरकाचा आहे. नुसती बाजेची चौकट दुरुस्त झाली आणि वीण तुटकीच राहिली, तर झोपणार कशावर?

पायरियात हा आधार वरून खाली खचत जातो. दाताच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्यात लाळेतले क्षार साचून दगडासारखं कीटण होतं आणि हिरडी सुजते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर खोल असते. आजारात ती ५, ६, ८ मिलिमीटरपर्यंत जाते. तिला डॉक्टर ‘पॉकेट’ म्हणतात. आता गंमत अशी, की हाड जंतू खात नाहीत. आपलंच शरीर ते पोखरतं. हाडाची रोजची डागडुजी करताना जुनं हाड काढणाऱ्या पेशी असतात आणि सततची सूज त्यांना जास्तीचं काम लावते. शेजारच्या घराला आग लागली की ती पसरू नये म्हणून आपण आपलीच भिंत पाडतो, तसं. आणि हे सगळं बहुतेकदा न दुखता होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना, म्हणजे १०० कोटींहून अधिक माणसांना, हा आजार गंभीर स्वरूपात आहे. मधुमेह असला की तो वाढतो, तंबाखूने वाढतो. आत्याने चाळिशीपर्यंत मिशरी लावली. ‘मिशरीने दात घट्ट राहतात’ हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. त्या सासूबाईंच्या तोंडात शेवटी किती दात उरले होते, हे विचारायचं धाडस मात्र घरात कुणी केलं नाही.

## मोडलेला हात जुळतो, मग हे हाड का भरत नाही?

याहून बुचकळ्यात टाकणारी गोष्ट सांगते. दात काढून टाकला तर ती खाच काही महिन्यांत हाडाने बरीचशी भरून येते. म्हणजे हाड तयार करायची ताकद तिथे आहे. दात ठेवला तर मात्र शेजारचा खड्डा भरत नाही.

इथे मला एसटी आठवते. स्टँडवर गाडी लागली की दारातून शिरणाऱ्यांची झुंबड उडते, जागा पटकावतो तो सगळ्यात चपळ माणूस. हिरडीखाली खोल सफाई केली, पॉकेट मोकळं झालं, की रिकाम्या जागेसाठी चार प्रकारच्या पेशी धावतात. हिरडीची वरची त्वचा, हिरडीचा आतला मांसल भाग, हाड आणि वीण. त्वचेच्या पेशी सगळ्यांत चपळ. त्या मुळाच्या कडेने सरसर खाली उतरतात आणि जागा धरतात. जखम भरते, सूज उतरते, पण हाड आणि वीण दारातच उभे. मुळावर जी पेशी आधी पोहोचेल तिच्यावर पुढचं सगळं ठरतं, हा विचार मेल्चर या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडला. १९८२ मध्ये स्वीडनमधल्या निमान आणि सहकाऱ्यांनी तो माणसाच्या दातावर करून पाहिला. त्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये एक पातळ पडदा ठेवला. त्वचेच्या पेशी अडल्या आणि मागून रमतगमत येणाऱ्या विणीच्या पेशींना जागा मिळाली.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं म्हणतात ते हेच. आज दंतवैद्य ज्याला मेम्ब्रेन म्हणतात तो हा रुमाल. त्याखाली बहुतेकदा बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या भुकटीसारखा भराव घालतात. हा भराव कशाचा, हे जरूर विचारावं. बाजारातला एक प्रसिद्ध भराव गाईगुरांच्या हाडापासून बनतो आणि ते कळल्यावर आपल्याकडचे अनेक रुग्ण नको म्हणतात. कृत्रिम, खनिजांपासून केलेले भरावही मिळतात.

तरीही रुमाल प्रत्येक खड्ड्यात चालत नाही. दोन दातांमध्ये विहिरीसारखा अरुंद, तीन बाजूंनी भिंती असलेला खड्डा असेल तर निकाल चांगले येतात, कारण भराव आणि रक्ताची गुठळी आत टिकते. पण सगळ्या दातांचं हाड एकसारखं, नदीचा काठ खचावा तसं, खाली गेलं असेल तर भराव धरायला भिंतच नसते. दुर्दैवाने पुष्कळांचं हाड असंच जातं.

## मूळ पेशी आल्या कुठून?

ज्या पेशीचं काम अजून पक्कं ठरलेलं नाही, जी स्वतःसारख्या आणखी पेशी बनवू शकते आणि गरजेप्रमाणे हाड, चरबी, धागे अशी वेगवेगळी रूपं घेऊ शकते, ती मूळ पेशी. वर्तमानपत्रात ‘स्टेम सेल’ असतं ते हेच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ग्रोंथोस, शी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये काढलेल्या अक्कलदाढांच्या गरात, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ भागात, अशा पेशी दाखवल्या. २००३ मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांत त्या सापडल्या. २००४ मध्ये त्या विणीतच मिळाल्या. आपल्या विषयासाठी ही तिसरी बातमी सगळ्यांत मोठी, कारण विणीतून काढलेल्या या पेशी उंदरांत घातल्यावर मुळावरचं आवरण आणि धागे या दोहोंसारखी रचना तयार झाली. ज्या जागेवर हक्क सांगायचा, त्या जागेचाच माणूस हाती लागला.

मग कल्पना सरळ आहे. रुमाल टाकून विणीच्या पेशींची वाट कशाला बघायची? त्यांनाच गाडीत आणून बसवू. रुग्णाची नाहीतरी काढायची असलेली अक्कलदाढ घ्यायची, मुळाचा मधला भाग खरवडायचा, मिळालेल्या मूठभर पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि खड्ड्यात सोडायच्या.

इथेच आत्याला पहिलं अर्धं उत्तर मिळतं. हो, अक्कलदाढेत तो माल आहे. पण तो मिळवायला अक्कलदाढ काढावी लागेल. पन्नाशी-साठीतल्या अनेक रुग्णांकडे तर ती उरलेलीच नसते.

## माणसांत काय झालं?

डुकरांत आणि कुत्र्यांत चांगलं झालं. पण प्राण्यांतला खड्डा बऱ्याचदा संशोधकांनीच शस्त्रक्रियेने केलेला असतो, स्वच्छ आणि ताजा. माणसाचा खड्डा वीस वर्षांच्या दुर्लक्षाचा.

माणसांतल्या चाचण्या समजायला एकच शब्द लागतो, तुलना गट. अर्ध्या रुग्णांना भराव आणि त्यासोबत पेशी, उरलेल्यांना नुसता भराव. दोन्ही गटांना बाकी सगळं सारखं. चीनमधल्या शिआनच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये अशी चाचणी प्रसिद्ध केली. ३० रुग्ण, ४८ खड्डे, पेशी रुग्णाच्या स्वतःच्या विणीतल्या. वर्षभरात पेशी घातलेल्या गटात हाड वाढलं. बातमी इथे थांबवली तर मथळा तयार. पण पेशी न घातलेल्या गटातही हाड वाढलं आणि दोघांतला फरक भरवशाचा म्हणावा इतका नव्हता. स्पेनमधल्या माद्रिदच्या गटाने २०२० मध्ये २० रुग्णांवर साधारण हेच केलं आणि तिथेही पेशींमुळे स्पष्ट फायदा दिसला नाही.

टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठाची पद्धत मला सगळ्यांत देखणी वाटते. तिथे पेशी एका खास बशीत वाढवतात. बशी गरम असताना पेशी तळाला धरून राहतात, थंड केली की त्यांचा अख्खा थर अलगद सुटतो. दूध निवल्यावर सबंध साय उचलावी तसा. अशा तीन सायी एकावर एक ठेवून त्यांनी मुळावर चढवल्या. २०१८ मध्ये १० रुग्णांचे निकाल आले. सहा महिन्यांत हाडाची उंची सरासरी २.३ मिलिमीटरने वाढली. आकडा छान आहे. पण तुलना गट नव्हता, त्यामुळे यातलं किती सायीचं आणि किती तिच्यासोबतच्या भरावाचं, हे सांगता येत नाही.

इटलीत तुरिनमध्ये मात्र फरक दिसला. २९ रुग्ण होते. काहींच्या स्वतःच्या काढलेल्या दाताचा गर बारीक करून स्पंजावर घेऊन खड्ड्यात ठेवला, बाकीच्यांना नुसता स्पंज. वर्षाने पहिल्या गटात खड्डा सरासरी ३.९ मिलिमीटर भरला, दुसऱ्यात १.६. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा खटाटोप नाही, तासाभरात काम. मला तरी हे सगळ्यांत आशेचं वाटलं. पण गर कुस्करून टाकल्यावर त्यात मूळ पेशी किती होत्या आणि काम त्यांनीच केलं की गरातल्या इतर रसांनी, हे कसं ओळखायचं?

अलीकडची आणि आकाराने मोठी चाचणी पुन्हा चीनचीच, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली, १३२ रुग्णांची. तिच्यात दुसऱ्याच माणसांच्या दातांच्या गरातल्या पेशी वाढवून इंजेक्शनने दिल्या, तुलना गटाला खारं पाणी. आजार बराच पुढे गेलेल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या दातांत हिरडीची पकड १.६७ मिलिमीटरने सुधारली, खाऱ्या पाण्यावर १.०३. आणि हाड? खड्ड्याची खोली ०.२४ मिलिमीटरने कमी झाली, विरुद्ध ०.०२. कागदावर फरक खरा आहे. पण ०.२४ मिलिमीटर म्हणजे दोन-तीन कागदांची जाडी. ‘हाड पुन्हा उगवलं’ म्हणायला जीभ थोडी अडखळायला हवी.

## मग खड्ड्यात सोडलेल्या पेशींचं होतं काय?

बऱ्याचशा मरतात. नव्या जागी रक्तपुरवठा नाही, आजूबाजूला सूज, वर तोंडातले जंतू. उत्तम विरजण उकळत्या दुधात टाकलं तर दोष विरजणाचा नसतो.

मेलेल्या पेशी मग काम कसं करतात? आज बहुतेकांचं मत असं, की त्या गवंडी नसून मुकादम आहेत. स्वतः वीट रचत नाहीत. जिवंत असेपर्यंत रासायनिक निरोप सोडतात, सूज शमवतात आणि तिथल्या स्थानिक पेशींना कामाला लावतात. अशा पेशींचं ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे शास्त्रीय नाव १९९१ मध्ये ज्यांनी रूढ केलं, त्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच पुढे हे नाव बदला म्हणून आग्रह धरला, कारण या पेशी मुख्यतः औषधी निरोप देणाऱ्या आहेत असं त्यांना वाटू लागलं. स्वतःच ठेवलेलं नाव मागे घेणारा माणूस विज्ञानातही विरळाच.

यातून वेगळीच वाट निघते. निरोपच हवे असतील तर पेशी वाढवायच्याच कशाला, त्यांचा रसच द्यावा. त्यावरही काम चालू आहे. दुसऱ्याच्या पेशी का चालू शकतात, हेही यातून थोडं कळतं. मुकादम चार दिवस येऊन गेला तरी पुरतं, त्याला घरजावई करायची गरज नाही.

## ‘पण एक्स-रेत पांढरं दिसतंय की!’

दिसणारच. भरावच खनिजाचा असतो. तो घातल्या दिवशी एक्स-रे काढला तरी खड्डा पांढरा दिसेल, आणि गुरांच्या हाडाचा भराव तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. एक्स-रे चौकट दाखवतो, वीण दाखवत नाही. वीण खरंच जुळली का हे पक्कं बघायचं तर दात आणि भोवतालचं हाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. बरं होण्यासाठी आलेल्या माणसाचा बरा झालेला दात कोण कापून देईल? म्हणून माणसांतला पुरावा नेहमी थोडा अप्रत्यक्ष राहतो. आणि म्हणून जाहिरातीतले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे एक्स-रे बघून मी तरी हुरळत नाही. माझा प्रश्न ठरलेला असतो, पेशी न घालता किती भरलं असतं?

## दुधाचा दात बँकेत ठेवावा का?

आत्याच्या दुसऱ्या मेसेजमधली ती जाहिरात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. व्यावसायिक साठवणुकीची मुभा फक्त नाळेच्या रक्ताला. दाताचा गर त्यात बसत नाही. उपचारांचंही तसंच. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखे रक्ताच्या आजारांसाठी मान्य झालेले उपचार सोडले, तर मूळ पेशींचा बाकी वापर संशोधन धरला जातो. म्हणजे तो नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत रुग्णाकडून त्या पेशींचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी ‘आमच्याकडे स्टेम सेलने हाड भरून देतो, एवढे होतील’ म्हणालं, तर दर ऐकण्याआधी सीटीआरआय, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक मागावा.

व्यवहाराचीही एक अडचण आहे. हलत हलत, आठवडाभर लोंबकळत पडलेल्या दुधाच्या दातात जिवंत गर फारसा उरत नाही. आणि समजा उरला, तरी आज सहा वर्षांच्या पोराला पायरिया होणार तो चाळिशीत. तोवर दुसऱ्याच्या, आधीच वाढवून ठेवलेल्या पेशी वापरायची पद्धत पक्की झाली तर स्वतःचा दात जपल्याचा उपयोग काय? दात कौलावर फेकायची जुनी रीत निदान फुकट तरी होती.

एक खुलासा. दंतवैद्य हातातून रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्याचा जेलीसारखा पापुद्रा खड्ड्यात ठेवतात, त्याला पीआरएफ म्हणतात. ते आपल्याकडे सर्रास होतं, काही खड्ड्यांत त्याचा उपयोगही होतो. पण ती मूळ पेशींची उपचारपद्धती नव्हे. त्या नावाखाली कुणी विकत असेल तर ते खोटं.

## ‘सफाईने तर दात आणखी हलतात’

आत्या इतकी वर्षं दंतवैद्याकडे गेली नाही ती या समजापायी, आणि तो तिच्या एकटीचा नाही. होतं असं, की हाड गेलेले दात कीटणाच्या दगडाने एकमेकांना सिमेंट लावल्यासारखे चिकटून असतात. दगड काढला की फटी दिसतात, दात मोकळे वाटतात. पण दात सफाईने सैल झालेले नसतात, आधीपासून सैल असलेले फक्त उघडे पडतात. कॅल्शियमच्या गोळ्यांनीही हे हाड परत येत नाही, कारण कमतरता कॅल्शियमची नसून सूज थांबत नाही ही आहे. दात काढून इम्प्लांट बसवलं तरी स्क्रूला वीण नसते, शिवाय त्याच्याभोवतीही असाच आजार होऊ शकतो.

मूळ पेशींच्या ज्या चाचण्या सांगितल्या, त्यांत पेशींच्या आधी रुग्णांची रीतसर सफाई झाली होती. घाणेरड्या पॉकेटात रुमालही टिकत नाही आणि मुकादमही.

आत्याला मी शेवटी फोनच केला. तिच्या खालच्या दातांचं हाड नदीकाठासारखं सरळ खाली गेलंय, विहिरीसारखा खड्डा नाही. त्यामुळे आज असलेल्या भरावाचाही तिथे फारसा उपयोग नाही, पेशींचं दूरच. ‘म्हणजे अक्कलदाढ?’ तिने विचारलं. म्हटलं, तिला असू दे जागेवर. खालची खोल सफाई दोन बैठकांत झाली आहे. हलणारे दोन दात शेजाऱ्यांना मागून बारीक तारेने बांधलेत. साखरेची तपासणी तीन महिन्यांनी आहे, कारण हिरडीचा उपचार झाला की मधुमेह्यांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या मापात, साधारण ०.४ टक्क्यांची घट होताना दिसली आहे आणि आत्याला हा मुद्दा दातांपेक्षा जास्त पटला. त्याच सुमाराला पॉकेटची मापंही पुन्हा घेतील. सगळ्यांत खोल पॉकेट ६ मिलिमीटरचं होतं. ते ४ वर आलं तर हवंय.